थंड पठारावरची लाल वाइन

वायादोलिदहून पूर्वेला सोरियाकडे जाणारा रस्ता दुएरो नदीला फारसा सोडत नाही. दोन्ही बाजूंना सपाट माथ्याचे, पांढुरक्या चुनखडीचे उंचवटे दिसतात. त्यांच्या उतारावर द्राक्षमळे आहेत आणि खाली नदीकाठी पॉप्लरच्या रांगा, गव्हाची आणि शुगर बीटची शेतं. जानेवारीत इथं हिरवं म्हणावं असं फार थोडं उरतं. जुन्या मळ्यांत मांडव नाही, तारा नाहीत. जमिनीतून जेमतेम गुडघाभर वर आलेले काळे, पिळवटलेले बुंधे आणि त्यांच्या टोकाला छाटणीनंतर राखलेले दोन-दोन डोळे, एवढंच दिसतं. पहाटे त्यांच्यावर दंव गोठलेलं असतं, आणि नदीवरचं धुकं कित्येकदा दुपारपर्यंत हलत नाही. स्पेन म्हटल्यावर समुद्रकिनारा आणि रखरखीत ऊन आठवणाऱ्याला हा मुलूख ओळखीचा वाटणार नाही. याचं नाव रिबेरा देल दुएरो. थंडीतल्या जेवणासोबत कोणती रेड वाइन घ्यावी, या प्रश्नाला माझं उत्तर याच पट्ट्यातलं आहे. ते का, हे बाटलीवरच्या वर्णनापेक्षा या रस्त्यावर अधिक नीट कळतं.

हिवाळ्यात अंगात ऊब आणणारी वाइन घ्यावी, असा सल्ला सगळीकडे मिळतो. मग दुकानात जास्त अल्कोहोलची, दाट आणि गोडसर चवीची बाटली पुढे केली जाते. या सल्ल्याच्या मुळातच गफलत आहे. अल्कोहोलमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा आणि हात गरम लागतात. पण ती उष्णता शरीराच्या आतून आलेली असते आणि त्वचेवाटे बाहेर निघून जाते. ऊब जाणवते, मिळत मात्र नाही. थंडीत ऊब देतं ते जेवण: चरबी असलेलं मटण, डाळी-शेंगांचे दाट रस्से, चीज, भट्टीतून निघालेली भाकरी किंवा पाव. हे जेवण जड असतं आणि तिसऱ्या-चौथ्या घासाला जिभेवर त्याचा थर बसायला लागतो. तो थर उतरवून पुढच्या घासाला पहिल्याची चव परत देणं, एवढंच काम वाइनकडून हवं असतं. हे काम गोडसर, मऊ, उन्हात जास्त पिकलेल्या वाइनला जमत नाही. म्हणून हिवाळ्यासाठी वाइन निवडताना तिच्यात किती ऊन उतरलंय यापेक्षा किती थंडी उतरलीय, हे बघावं असा माझा आग्रह आहे. जे पीत नाहीत त्यांनी यापायी सुरुवात करावी, असं मी मुळीच म्हणणार नाही. मद्य प्रकृतीला हितकारक नाही हे आता पुरेसं स्पष्ट आहे. जे जेवणासोबत एखादा ग्लास घेतातच, त्यांच्याशी हे बोलणं आहे.

हा पट्टा पूर्व-पश्चिम सुमारे ११५ किलोमीटर लांब आणि रुंदीला ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. बुर्गोस, वायादोलिद, सेगोविया आणि सोरिया या चार जिल्ह्यांत तो विभागला गेलाय, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा बुर्गोसचा. बहुतेक मळे समुद्रसपाटीपासून ७५० ते १,००० मीटर उंचीवर आहेत. युरोपात रेड वाइनसाठी एवढ्या उंचीवर एवढी मोठी लागवड क्वचितच आढळते. उत्तरेला कांताब्रियन डोंगर आणि दक्षिणेला मध्य स्पेनची डोंगररांग असल्यामुळे समुद्राची दमट, सौम्य हवा या पठारावर पोचत नाही. पाऊस वर्षाला ४०० ते ५०० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, हिवाळ्यात शून्याच्या खाली पंधरा-अठरा अंशांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, असं कास्तियाचे, म्हणजे या पठारावरचे, लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण द्राक्षवेलीच्या दृष्टीनं पाहिलं तर फार नाही. एप्रिल-मेमध्ये कोंब फुटल्यावरही इथं कडाक्याचं दंव पडतं आणि सप्टेंबरअखेर काढणीच्या तोंडावर पुन्हा पडू शकतं. २०१७ च्या एप्रिलअखेर अशाच एका रात्रीनं कोवळे कोंब जाळले आणि त्या वर्षीचं पीक मोठ्या प्रमाणावर घटलं. इथल्या शेतकऱ्यासाठी थंडी ही दरवर्षीची टांगती तलवार असते.

याच थंडीमुळे वाइन घडते, हे माझ्या म्हणण्याचं मर्म आहे. इथलं मुख्य द्राक्ष तेम्प्रानियो. स्थानिक लोक त्याला तिंतो फिनो किंवा तिंता देल पाईस म्हणतात. नियमानुसार इथल्या रेड वाइनमध्ये त्याचं प्रमाण किमान ७५ टक्के असावं लागतं, आणि प्रत्यक्षात बऱ्याच बाटल्यांत निव्वळ तेच असतं. या द्राक्षात रंग भरपूर, टॅनिन भरपूर, पण आंबटपणा मुळातच बेताचा. उष्ण सखल भागात ते लावलं की साखर झपाट्यानं चढते, उरलासुरला आंबटपणा जातो आणि वाइन मिळमिळीत होते. पिकताना द्राक्षातलं मॅलिक आम्ल वेलीच्या श्वसनात खर्च होत असतं. रात्र उबदार असेल तर हा खर्च रात्रभर चालू राहतो, रात्र गार असेल तर मंदावतो. दुएरोकाठी ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात वीस अंशांपर्यंत फरक पडतो. दिवसा उंचावरचं प्रखर ऊन सालीत रंग आणि टॅनिन भरतं, रात्री थंडी आंबटपणा राखून ठेवते. म्हणून ही वाइन काळसर जांभळी, दाट आणि तुरट असूनही तोंडात बसून राहत नाही. घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं. जड जेवणासोबत हवं असतं ते हेच पाणी सुटणं.

नाशिक-निफाडच्या बागायतदाराला ही भाषा परकी वाटणार नाही. आपल्याकडे वेल झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा दुहेरी बेत करून तिला कामाला लावावं लागतं. वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणजे थंडीच्या रात्रींचा उपयोग दख्खनच्या पठारावरही करून घेतला जातो, आणि तेम्प्रानियोची लागवड नाशिक परिसरातही झाली आहे. निफाडला पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात आणि शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. फरक इतकाच की दुएरोकाठची वेल नोव्हेंबर ते एप्रिल ठार झोपलेली असते आणि वर्षातून एकदाच, अपुऱ्या उन्हाळ्यात, सगळं काम उरकते.

आता जेवणाकडे. या पट्ट्याचं मुख्य गाव अरांदा दे दुएरो. तिथल्या जुन्या खाणावळींत एकच पदार्थ खरा मानला जातो: लेचाथो, म्हणजे फक्त आईच्या दुधावर वाढलेल्या, ३५ दिवसांच्या आतल्या कोकराचं मटण, शक्यतो चुर्रा जातीच्या मेंढीचं. खाणावळीत शिरताच भट्टी दिसते. विटा आणि मातीची घुमटाकार, आत ओकची लाकडं जळून निखारे एका कडेला सारलेले. कोकराचा चौथा भाग एका पसरट, आतून तपकिरी चकाकी असलेल्या मातीच्या थाळीत ठेवतात. थाळीत थोडं पाणी, वरून मीठ, फार तर किंचित चरबीचा हात. मसाला नाही, वाटण नाही. मिरीसुद्धा बहुतेक ठिकाणी नाही. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं थाळी भट्टीत सरकवली जाते, मधे एकदा तुकडा उलटवला जातो, आणि दोनेक तासांनी ती बाहेर येते तेव्हा वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत आणि सोनेरी झालेली असते. आतलं मांस सुरीविना हाडापासून सुटतं. थाळीच्या तळाशी पाणी, चरबी आणि सुटलेला चिकट रस यांचं पातळसर कालवण जमतं. सोबत लेट्यूस-कांद्याची साधी कोशिंबीर आणि तेलाचा हात लावलेला चपटा गोल पाव, तोर्ता दे अरांदा. तो त्या रसात बुडवून खायचा असतो.

इथं एक रास्त शंका येते. दुधावरच्या कोकराचं मांस चवीला नाजूक असतं. मग त्यावर दाट, तुरट वाइन म्हणजे नाजूक चवीची गळचेपी नाही का? शंका गंभीर आहे आणि तिचं उत्तर त्या थाळीच्या तळाशीच आहे. चव नाजूक असली तरी पोत नाजूक नाही. कोवळ्या प्राण्याच्या मांसात कोलॅजेन जास्त असतं. ते शिजून जिलेटिन होतं, आणि ओठ एकमेकांना चिकटतील इतका चिकटपणा येतो. वर चरबी आणि कुरकुरीत कातडीचा खारटपणा. टॅनिन एरवी आपल्या लाळेतल्या प्रथिनांना पकडतं आणि म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मांसाची प्रथिनं आणि चरबी असली की ते तिथं गुंततं, तुरटपणा निवळतो आणि वाइनमधलं फळ पुढे येतं. मीठही तुरटपणा बोथट करतं. एकीकडे वाइन मांसाचा चिकटपणा उतरवते, दुसरीकडे मांस वाइनची धार कमी करतं. हे दोन्ही बाजूंनी घडतं म्हणून जोडी टिकते. शंकेतला खरा भाग मी मान्य करतो: इथं वीस महिने नव्या लाकडात मुरलेली, व्हॅनिला-कॉफीच्या वासाची भारी बाटली उघडणं चूक आहे. लाकूड मांसावर चढून बसतं. लेचाथोला हवी ती क्रियान्था, लाकूड लागलेली पण लाकडाखाली न दबलेली.

लेचाथो सोडला तरी या पठाराचं हिवाळी ताट मोठं आहे आणि ते सगळं याच दिशेनं बोलतं. बुर्गोसची मोर्थिया हे डुकराचं रक्त, तांदूळ आणि भरपूर कांदा घालून केलेलं सॉसेज. तव्यावर भाजलं की बाहेरून खरपूस, आतून मऊ आणि गोडसर. सोपा कास्तेयाना म्हणजे शिळा पाव, लसूण, लाल पाप्रिका आणि अंडं यांचं कढत सूप. मेंढपाळांच्या आणि शेतमजुरांच्या घरातला, काही वाया न घालवणारा पदार्थ. लाल राजम्यासारख्या दाण्यांची डुकराच्या चरबीत शिजवलेली उसळ. मेंढीच्या दुधाचं जुनं, कोरडं चीज. आणि मला सर्वांत सुसंगत वाटणारा पदार्थ म्हणजे चुलेतियास: कोकराच्या बरगड्यांचे इवलेसे तुकडे, द्राक्षाच्या छाटलेल्या काड्यांवर भाजलेले. हिवाळ्यात छाटणी होते, काड्यांच्या मोळ्या बांधून ठेवल्या जातात, त्या पेटवल्या की भडकन ज्वाळ उठते आणि पाच-सात मिनिटांत बसते. उरलेल्या निखाऱ्यावर बरगड्या क्षणात भाजून निघतात. आगीचा जोर मोठा, वेळ थोडा, म्हणून चरबी बाहेरून करपते आणि आत रस राहतो. करपलेल्या चरबीचा किंचित कडूपणा आणि तिंतो फिनोचा तुरटपणा यांची इतकी सहज गाठ पडते की मसाल्याची उणीव भासत नाही.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की ही शेकडो वर्षांची परंपरा असणार, एकाच मातीतलं अन्न आणि पेय जुळणारच. हे ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. परंपरेचा आधार घेऊन मला माझी बाजू भक्कम करायची नाही. अरांदाच्या रस्त्यांखाली मध्ययुगापासून खोदलेली तळघरं आहेत. भुयारांचं हे जाळं एकूण काही किलोमीटर भरेल. जमिनीखाली नऊ ते बारा मीटरवर, वर्षभर बारा अंशांच्या आसपास गारवा. वाइन इथं खरोखर शतकानुशतकं होती. पण ती कोणती? बहुतेक काळ ती क्लारेते होती: लाल आणि पांढरी द्राक्षं एकत्र तुडवून केलेली, फिकट गुलाबीसर, वर्षाच्या आत संपवायची वाइन. आज जगभर ओळखली जाणारी दाट लाल रिबेरा पन्नासएक वर्षांचीच म्हणावी लागेल. अपवाद एका मळ्याचा. १८६४ साली एलोय लेकांदा यांनी वालबुएनाजवळ बोर्दोहून वेली आणून जे सुरू केलं, ते पुढे वेगा सिसिलिया या नावानं विख्यात झालं. पण तो मळा बराच काळ एकाकी होता. आजूबाजूचे शेतकरी द्राक्षं काढून बीट आणि धान्य लावत होते. १९२७ मध्ये पेन्याफिएलला प्रोतोस ही सहकारी वाइनरी उभी राहिली. १९७२ मध्ये बीट काढायची यंत्रं बनवणारे आलेहांद्रो फेर्नांदेथ यांनी पेस्केरा गावात स्वतःची वाइन सुरू केली. पुढे ऐंशीच्या दशकात अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी तिची तुलना बोर्दोच्या पेत्रुसशी केली आणि सगळ्यांच्या नजरा इकडे वळल्या. अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला तो १९८२ मध्ये. १९९५ मध्ये डॅनिश वाइनकार पीटर सिसेक यांनी पिंगुस काढली, आणि तिच्या किमतीनं या प्रदेशाचं नाव लिलावांत नेलं.

म्हणजे आजी-आजोबांच्या काळात लेचाथोसोबत बहुधा क्लारेतेच असे. माझ्या मुद्द्याला यानं धक्का बसतो का? मला तसं वाटत नाही, उलट तो अधिक नेमका होतो. ही जोडी केवळ सवयीनं जमली असती तर ती तिथल्या लोकांपुरती राहिली असती. ती जमते ती मघाशी सांगितलेल्या कारणांमुळे: उंची, गार रात्री, सालीतलं टॅनिन, राखलेला आंबटपणा. क्लारेतेकडेही आंबटपणा होता, म्हणून तीही चरबीसमोर निभावून नेत होती. नव्या लाल वाइननं त्यात टॅनिनची भर घातली. वेली त्याच होत्या, थंडीही तीच. बदललं ते तळघरातलं काम: लाल द्राक्षं वेगळी ठेवणं, साली जास्त काळ रसात राहू देणं, आणि ओकची पिंपं वापरणं.

या पिंपांबद्दल एक तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं इथल्या अनेक वाइनरींनी भारदस्तपणाच्या नादात द्राक्षं जास्त पिकू दिली आणि नव्या लाकडाचा मारा केला. त्या वाइन स्पर्धांत गुण मिळवायच्या, पण जेवणाच्या टेबलावर अर्धा ग्लासही संपत नसे. रिबेराला नावं ठेवणारे आजही याच आठवणीवर बोलतात. पण दोष प्रदेशाचा नव्हता, थंडीनं दिलेलं वरदान पुसून टाकणाऱ्या घाईचा होता. गेल्या काही वर्षांत बऱ्याच उत्पादकांनी लाकूड कमी केलंय, मोठी आणि जुनी पिंपं वापरायला सुरुवात केलीय आणि सोरियाकडच्या उंच, जुन्या मळ्यांकडे मोर्चा वळवलाय. आताउताच्या खोऱ्यात जवळपास हजार मीटरवर, वाळूमिश्रित जमिनीत, फिलोक्सेरा किडीच्या साथीतून वाचलेल्या वेली अजून उभ्या आहेत. तापमानवाढीमुळे काढणी लवकर येऊ लागलीय आणि १४.५ टक्के अल्कोहोल आता सामान्य झालंय. अशा काळात हे उंचावरचे मळे चैनीची गोष्ट राहिलेले नाहीत. थंडी हाच या वाइनचा कणा असेल, तर तो शाबूत ठेवण्यासाठी वर सरकण्यावाचून फारसा पर्याय नाही.

दुसरा आक्षेप असा की दमदार स्पॅनिश रेड हवी तर रिबेराच का? रिओखा अधिक परिचित आहे, पण पारंपरिक रिओखा बरीच वर्षं पिंपात आणि बाटलीत मुरून मवाळ होते. ती मला आवडते, मात्र मोर्थिया किंवा चरबीदार रश्श्यासमोर ती मागे पडते. तोरो याच दुएरोकाठी, पश्चिमेला खाली उतरल्यावर लागतं. द्राक्षही तेम्प्रानियोचाच स्थानिक भाऊबंद. मळे थोडे सखल, हवा जास्त गरम, वाइन जास्त राकट; अल्कोहोल पंधराकडे झुकतं. दोन घोटांत ती जिंकते, दोन तासांच्या जेवणात थकवते. खुमियाची मोनास्त्रेल स्वस्त आणि मनमोकळी आहे, पण तिच्यात उन्हाचा गोडवा फार. खरा प्रतिस्पर्धी प्रियोरात. काळ्या स्लेटच्या उतारांवरच्या जुन्या गार्नाचा आणि कारिन्येनाची ती वाइन खोल आणि खनिजगंधी असते, पण तिची किंमत पाहता आठवड्याच्या जेवणासाठी तिची शिफारस करणं मला बरोबर वाटत नाही. रिबेरातही डोळे पांढरे करणाऱ्या किमती आहेत. तरी तिथली साधी क्रियान्था नेटकी आणि परवडणारी असते, आणि हिवाळी जेवणाला तीच पुरेशी आहे.

मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न उघड आहे: आपल्या मटणासोबत चालेल का? सरसकट नाही. तांबड्या रश्श्यासोबत ही वाइन घेऊ नये. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, टॅनिन ती जिभेवर खरवडतं, आणि रस्सा व वाइन दोन्हींची चव जाते. पण पांढरा रस्सा, ज्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ आणि मटणाचा अळणी काढा असतो, तो चरबी आणि जिलेटिनच्या बाबतीत लेचाथोच्या थाळीतल्या रसाचा जवळचा नातलग आहे. हिरवी मिरची हात आखडून घातली तर ही जोडी जमते. मिरी-लसणावर मंद शिजवलेली रान, अळणी मटणाचे तुपात परतलेले तुकडे, पायांचा मिरी घातलेला सूपवजा रस्सा यांच्यासोबतही ती उभी राहते. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना तर डिसेंबरात ओव्हनमध्ये कोकराचा खांदा मीठ लावून चार तास मंद भाजणं सहज शक्य आहे. त्या एका पदार्थावर या वाइनची पारख करावी, असं मी सुचवेन. शाकाहारी ताटात मला ती जुन्या चीजसोबत, भाजलेल्या मश्रूमसोबत आणि लसूण घातलेल्या राजम्याच्या दाट उसळीसोबत योग्य वाटते. गोड पदार्थांसोबत ती कडवट लागते.

बाटली निवडताना मागच्या बाजूची नियामक परिषदेची पट्टी बघावी. ही परिषद रोआ या गावात बसते आणि पट्टीवर वाइनचा प्रकार लिहिलेला असतो. रोब्ले म्हणजे काही महिनेच पिंपात राहिलेली, फळाच्या ताज्या चवीची. ती बरगड्यांसोबत किंवा मोर्थियासोबत उत्तम. क्रियान्था म्हणजे एकूण दोन वर्षं मुरलेली, त्यातलं किमान वर्षभर लाकडात. माझी पहिली शिफारस हीच. रेसेर्वा तीन वर्षांची, ग्रान रेसेर्वा पाच वर्षांची, त्यातली दोन लाकडात. या दोन्ही सावकाश शिजलेल्या शिकारीच्या मांसासाठी आणि जुन्या चीजसाठी ठेवाव्यात. मानेपर्यंत भरलेली बाटली तासभर आधी उघडून ठेवल्यानं फारसं काही साधत नाही. वाइन रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून अर्धा तास हवेशी येऊ द्यावी. तापमान १६ ते १८ अंश असावं. रेड वाइन घरातल्या तापमानाला प्यावी हा संकेत थंड दगडी घरांचा आहे. पुण्या-मुंबईत डिसेंबरातही घराचं तापमान त्याहून वर असतं, म्हणून बाटली फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून मग उघडावी. नाहीतर पठारावरच्या रात्रींनी राखून ठेवलेला तो आंबटपणा ग्लासात दबतो आणि नुसतं अल्कोहोल नाकात चढतं. अरांदाच्या भुयारांतला बारा अंशांचा गारवा मात्र रेड वाइनसाठी जास्त होतो. त्यात टॅनिन पुढे येऊन वाइन कडक लागते. भारतात आयात कर जबर असल्यामुळे तिथली स्वस्त क्रियान्थाही इथं महाग पडते, तेव्हा प्रवासात विमानतळावर किंवा परदेशी दुकानात क्रियान्था आणि रेसेर्वा शेजारी दिसल्या तर लेबलच्या भारदस्तपणाला न भुलता क्रियान्थाच उचलावी.